वागळे इस्टेटहून नागोयाकडे: जपानमधील कंपन्यांच्या अभ्यासभेटीची आखणी कशी करावी

अभियांत्रिकी महाविद्यालयात ‘आयव्ही’, म्हणजे औद्योगिक भेट (इंडस्ट्रियल व्हिजिट), म्हटले की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर एका दिवसाचा कारखाना आणि चार दिवसांची मनाली उभी राहते, आणि अनेक सहल कंपन्याही ती तशीच विकतात. देशातल्या देशात हा प्रकार चालून जातो, कारण खर्च बेताचा असतो आणि अहवाल कोणी फारसा वाचत नाही. जपानला जायचे म्हटले की मात्र प्रत्येक घरातून दीड ते दोन लाख रुपये निघतात. त्यासाठी कोणाच्या वडिलांनी ठेव मोडलेली असते, तर कोणाच्या आईने भिशीचा नंबर आधी मागून घेतलेला असतो. ऐरोली-घणसोली पट्ट्यातील एका महाविद्यालयात औद्योगिक भेटींचे काम पाहताना मी दोन तुकड्यांची अशी आखणी जवळून केली आहे. त्यातली पहिली बरीचशी फसली, दुसरी बऱ्यापैकी जमली, आणि दोहोंमधला फरक तिकिटांत किंवा हॉटेलांत नसून, निघण्यापूर्वी प्रश्न तयार होते की नव्हते, एवढ्यातच होता. पुढील लेखात त्याच क्रमाने, म्हणजे प्रश्नांपासून हिशेबापर्यंत, सर्व पायऱ्या मांडल्या आहेत.

पहिली पायरी: भेट ठाण्यातच सुरू करावी

जपानमधील कोणती कंपनी पाहायची हे ठरवण्याआधी आपल्याला काय पाहता येते, हे तपासून घ्यावे. ज्या विद्यार्थ्याने आयुष्यात एकही चालू वर्कशॉप दोन तास उभे राहून पाहिलेले नाही, त्याला जगातील उत्तमातला उत्तम कारखाना दाखवला तरी ‘खूप स्वच्छ होते’ आणि ‘सगळे वेळेवर होते’ यापलीकडे त्याच्या वहीत काही उतरत नाही. आमच्या पहिल्या तुकडीच्या अहवालांत ही दोन वाक्ये जवळजवळ प्रत्येकाने लिहिली होती.

सुदैवाने आपण अशा भागात राहतो की यासाठी लांब जावे लागत नाही. एमआयडीसीने १९६२ च्या सुमारास उभारलेली वागळे इस्टेट ठाणे स्थानकापासून रिक्षाच्या अंतरावर आहे, आणि रबाळे, महापे, तुर्भे हा ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा नवी मुंबईच्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या वाटेवर आहे. दहा-पंधरा कामगारांचे एखादे मशीन शॉप निवडून तेथील मालकांना रीतसर पत्र द्यावे आणि चार-चार विद्यार्थ्यांच्या गटाने प्रत्येकी अर्धा दिवस तेथे घालवावा. गटाकडे एकच छापील तक्ता असावा: एक जॉब (मशीनवर घडवायचा भाग) संपून दुसऱ्याचे सेटिंग पूर्ण होईपर्यंत किती मिनिटे गेली, हत्यार शोधण्यात किती वेळ गेला, माप कोण घेतो व कधी घेतो, रिजेक्ट झालेला जॉब कोठे ठेवला जातो, मशीन बिघडले तर फोरमनला कसे कळते, आणि काम थांबवण्याचा अधिकार नेमका कोणाला आहे.

हाच तक्ता कोणताही बदल न करता जपानला न्यावा. दोन्हीकडची उत्तरे शेजारी-शेजारी मांडली की अभ्यास आपोआप उभा राहतो. शिवाय, यातून एक गोष्ट हमखास घडते: वागळे इस्टेटमधल्या फोरमनकडे जुनी मशीन चालू ठेवण्याची जी युक्ती असते, ती पाहून आलेला विद्यार्थी परदेशातील कारखान्याकडे नुसता आ वासून पाहत नाही, तर बरोबरीने प्रश्न विचारतो.

गटाची संख्या पंधरा ते अठरा विद्यार्थी आणि दोन शिक्षक यापलीकडे जाऊ देऊ नये; विद्यार्थिनी असतील तर त्यांपैकी एक शिक्षिका असावीच. चाळीस जणांची तुकडी स्वस्त पडते खरी, परंतु लहान कारखान्यात चाळीस माणसे उभीच राहू शकत नाहीत, आणि मोठ्या कारखान्यात ती केवळ काचेपलीकडून पाहत पुढे सरकतात.

दुसरी पायरी: कोठे काय पाहावे

जपानला जाऊन सर्वच पाहण्याचा मोह आवरावा. आठ-नऊ दिवसांत दोन प्रदेश नीट पाहून होतात, तीन म्हणजे ओढाताण.

यंत्र आणि उत्पादन शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी आइची प्रांत, म्हणजे नागोया आणि आसपासचा परिसर, यास पर्याय नाही. नागोया शहरातील टोयोटा औद्योगिक तंत्रज्ञान स्मारक संग्रहालय हे जुन्या कापड गिरणीच्याच इमारतीत १९९४ साली सुरू झाले. मोटारींच्या दालनाकडे धाव घेण्यापूर्वी तेथील मागांपुढे अर्धा दिवस काढावा, असा माझा आग्रह असतो. साकिची टोयोदा यांचा १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबत असे, त्यामुळे एका कामगाराला अनेक मागांकडे लक्ष देणे शक्य झाले आणि सदोष कापड पुढे जाणे बंद झाले. या मागाच्या हक्कांसाठी इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीशी १९२९ साली करार झाला. दोष दिसताच यंत्राने स्वतः थांबणे, ज्याला जपानी लोक ‘जिदोका’ म्हणतात, हे तत्त्व पुढे मोटारींच्या असेंब्ली लाइनवर आले ते येथूनच. ज्यांचे आजोबा गिरणगावात साचे चालवत होते किंवा ठाण्याच्या रेमंडमध्ये पाळीला जात होते, अशा मुलांना हे दालन पुस्तकाहून अधिक समजते. आमच्या तुकडीतील एका विद्यार्थिनीने तेथूनच आजोबांना व्हिडिओ कॉल लावला आणि पुढची वीस मिनिटे मार्गदर्शकापेक्षा आजोबाच अधिक बोलले.

त्याच प्रांतातील टोयोटा शहरात टोयोटा कैकान हे प्रदर्शन दालन आहे, आणि कंपनीच्या प्रत्यक्ष कारखान्याची भेट आगाऊ नोंदणी करून विनामूल्य घेता येते. तेथे पाहण्याची वस्तू रोबो नव्हे, तर ‘आन्दोन’ची दोरी आणि दिव्यांचा फलक आहे: कामगाराने अडचण दिसताच दोरी ओढायची, गटप्रमुखाने धावत यायचे आणि ठरलेल्या जागेपर्यंत अडचण सुटली नाही तरच लाइन थांबायची. तक्त्यातील ‘काम थांबवण्याचा अधिकार कोणाला’ या प्रश्नाचे उत्तर येथे डोळ्यांनी दिसते.

टोकियोजवळ हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्स आणि ऑल निप्पॉन एअरवेज या दोन्ही कंपन्या आपल्या विमान-देखभाल हँगरची भेट नोंदणीवर देतात; जागा फार लवकर भरतात. लहान उद्योग पाहायचे असतील तर टोकियोचाच ओता विभाग निवडावा. १९८० च्या दशकात तेथे नऊ हजारांच्या आसपास कारखाने होते, आता त्यांची संख्या निम्म्याहूनही कमी झाली आहे, आणि बहुतेकांत दहापेक्षा कमी माणसे काम करतात. वारसदार नाही, जागा महाग, तरुण येत नाहीत, ही तेथील रड वागळे इस्टेटमध्ये ऐकलेल्या रडीशी इतकी जुळते की दुभाष्याची गरज भासू नये. ओसाकाच्या पूर्वेस असलेल्या हिगाशी-ओसाका या शहरातील लहान कारखानदारांनी एकत्र येऊन घडवलेला ‘माइदो-१’ हा लघुउपग्रह जानेवारी २००९ मध्ये अवकाशात गेला. भांडी आणि हत्यारे बनवणाऱ्या निइगाता प्रांतातील त्सुबामे-सान्जो परिसरात दर शरद ऋतूत अनेक कारखाने काही दिवसांसाठी सर्वांना दारे उघडतात. तारखा जुळल्या तर स्वतंत्र परवानग्या मिळवण्याचा त्रास वाचतो.

स्थापत्य आणि विद्युत शाखेसाठी रेल्वे हा विषय आपल्या दृष्टीने फारच जवळचा आहे. मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचा ५०८ किलोमीटरचा मार्ग ठाण्यातून जातो, वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा सुमारे २१ किलोमीटरचा बोगदा त्याचाच भाग आहे आणि त्यातील सुमारे ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून जातात. जपानची शिन्कान्सेन १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो-ओसाका मार्गावर सुरू झाली. नागोयातील रेल्वे उद्यान-संग्रहालयात पहिल्या गाडीपासून चुंबकीय उत्तोलन गाडीपर्यंतचे डबे उभे आहेत. त्याखेरीज एक अभ्यासभेट जवळजवळ फुकट आहे आणि तिला कोणाचीही परवानगी लागत नाही: टोकियो स्थानकाच्या फलाटावर उभे राहून गाडी येऊन परत निघेपर्यंतच्या बारा मिनिटांपैकी सात मिनिटांत संपूर्ण गाडी स्वच्छ करणाऱ्या पथकाचे काम घड्याळ लावून पाहावे. आपल्या तक्त्यातील ‘सेटिंगचा वेळ’ हा रकाना येथेही भरता येतो.

जाता जाता विद्युत शाखेच्या मुलांसाठी एक गंमत: जपानमध्ये घरगुती दाब १०० व्होल्ट आहे, परंतु पूर्वेकडे वारंवारता ५० हर्ट्झ आणि पश्चिमेकडे ६० हर्ट्झ आहे, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन आणि ओसाकाने अमेरिकी जनित्रे घेतली. टोकियोहून नागोयाला जाताना गाडी ही सीमा ओलांडते.

तिसरी पायरी: तारखा

मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा आणि जपानी कंपन्यांच्या सुट्ट्या या दोहोंच्या फटीत तारीख बसवावी लागते. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा हा तेथील ‘गोल्डन वीक’, ऑगस्टच्या मध्याचा ‘ओबोन’ आणि २९ डिसेंबर ते ३ जानेवारी हा नववर्षाचा काळ, या तिन्ही वेळी कारखाने बंद असतात आणि प्रवास महाग असतो. जपानी आर्थिक वर्षही आपल्याप्रमाणेच १ एप्रिलला सुरू होत असल्याने मार्चमध्ये कोणी पाहुण्यांना वेळ देण्याच्या मनःस्थितीत नसते. त्यात मार्चअखेरीस चेरीच्या बहरामुळे हॉटेलांचे दर कडाडतात. आपल्यासाठी जमण्याजोगे दोन काळ उरतात: परीक्षा संपल्यावरचा जूनचा पूर्वार्ध, आणि जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी. जूनमध्ये तेथेही पाऊस सुरू होतो, पण ठाण्याच्या मुलांना पावसाचे काय कौतुक. छत्री घ्यावी आणि जावे. फेब्रुवारीची थंडी मात्र गंभीरपणे घ्यावी.

तयारीला आठ ते नऊ महिने धरावेत. जूनमध्ये निघायचे असेल तर आदल्या गणेशोत्सवानंतर लगेच पहिली बैठक, दिवाळीपूर्वी प्रश्नांचा तक्ता व मशीन शॉपची भेट, जानेवारीत कंपन्यांना पत्रे, मार्चमध्ये तिकिटे आणि एप्रिलमध्ये व्हिसा, असा क्रम सोयीचा पडतो.

चौथी पायरी: कंपनीला पत्र

संपूर्ण आखणीत सर्वाधिक वेळ याच कामाला द्यावा, आणि नेमके हेच काम बहुतेक ठिकाणी सहल कंपनीवर सोपवले जाते. आमच्या पहिल्या खेपेला एका एजंटाने ‘दोन कंपन्या नक्की’ असे सांगून एका ठिकाणी केवळ शोरूम दाखवली. त्यात त्याची लबाडी होती की अज्ञान, हे मला आजही सांगता येणार नाही. तिकीट आणि हॉटेल एजंटाकडे द्यावे, कंपन्यांशी पत्रव्यवहार मात्र महाविद्यालयाने स्वतः करावा.

सर्वांसाठी खुल्या असलेल्या कारखाना-भेटींची नोंदणी संकेतस्थळावरून होते; त्यासाठी पत्र नको, फक्त नोंदणी सुरू होण्याचा दिवस ध्यानात ठेवून सकाळीच बसावे. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते, म्हणजे तेथे सकाळी नऊला खिडकी उघडत असेल तर आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. याखेरीजच्या कंपन्यांपर्यंत पोहोचण्यासाठी ओळखीची वाट लागते, आणि ती बहुधा आपल्याच घरात असते. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी जपानी कंपनीच्या भारतातील शाखेत असतो, कोणी टोकियोत संगणक क्षेत्रात काम करीत असतो. जपानची व्यापार संवर्धन संस्था ‘जेट्रो’ हिचे मुंबईत कार्यालय आहे. एखाद्या जपानी विद्यापीठाशी आपल्या महाविद्यालयाचा संपर्क असेल तर जपान विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेच्या ‘साकुरा सायन्स’ या २०१४ पासून चालू असलेल्या उपक्रमाची चौकशी अवश्य करावी. त्यात अर्ज जपानी संस्थेने करावयाचा असतो आणि निवड झालेल्या लहान गटाचा खर्चही त्या उपक्रमातून होतो.

पत्र एका पानाचे असावे, इंग्रजी आणि जपानी अशा दोन्ही भाषांत असावे, आणि प्राचार्यांच्या सहीने जावे. व्यक्तीचे नाव माहीत असेल तर आडनावापुढे ‘सामा’ लावतात. केवळ विभाग माहीत असेल तर विभागाच्या नावापुढे ‘ओन्चू’ लिहितात. पत्रात महाविद्यालयाची चार ओळींत ओळख, विद्यार्थ्यांची शाखा आणि वर्ष, संख्या, तीन पर्यायी तारखा, कोणत्या भाषेत संवाद होईल आणि दुभाषी आपण आणणार की नाही, एवढे स्पष्ट असावे. सोबत प्रश्नांची यादी जोडावी. ही यादी जोडणे म्हणजे आगाऊपणा होईल अशी आपल्याला भीती वाटते, प्रत्यक्षात उलट घडते: कोणाला बोलावायचे आणि काय दाखवायचे हे ठरवण्यासाठी त्यांना ती हवीच असते. ‘आम्हाला आपल्या कंपनीविषयी जाणून घ्यायचे आहे’ अशा वाक्याला उत्तर येणे कठीण. ‘साचा बदलण्याचा वेळ आपण कसा मोजता आणि तो फलकावर कोण लिहितो’ या प्रश्नाला उत्तर येते.

उत्तर उशिरा येईल. तेथे विनंती अनेक टेबलांवरून फिरते आणि सर्वांची संमती मिळाल्यावरच होकार कळवला जातो. पण एकदा होकार आला की तो बदलत नाही, आणि त्यांचीही आपल्याकडून तीच अपेक्षा असते. अठरा जण येणार असे कळवून चौदा जणांनी जाणे तेथे मोठी चूक समजली जाते, कारण अठरा हेल्मेट, अठरा खुर्च्या आणि अठरा माहितीसंच मांडलेले असतात. तीन आठवडे उत्तर आले नाही तर एकदा नम्रपणे स्मरण करून द्यावे. ‘विचार करू’ किंवा ‘जरा कठीण आहे’ असे उत्तर आले तर तो नकार समजून पुढच्या कंपनीकडे वळावे. आपल्याकडच्या ‘बघू या, कळवतो’ या वाक्याचा अर्थ ज्याला समजतो, त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. होकार देणारी कंपनी प्रत्येकाचे नाव, राष्ट्रीयत्व आणि जन्मतारीख मागू शकते, तसेच गोपनीयतेच्या कागदावर सही घेऊ शकते. त्यास हरकत घेऊ नये.

पाचवी पायरी: पासपोर्ट आणि व्हिसा

पहिल्याच बैठकीत पासपोर्ट कोणाकडे नाही, याची यादी करावी. अर्ज करताना आधार, गुणपत्रिका आणि जन्मदाखल्यावरील नावाचे स्पेलिंग जुळते का ते पाहावे. आपल्याकडे वडिलांचे नाव मधे घालण्याच्या पद्धतीमुळे येथे हमखास घोळ होतो. नवी मुंबईत भाड्याच्या घरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांचा पोलीस पडताळणीत वेळ जातो, त्यामुळे गावच्या की सध्याच्या पत्त्यावर अर्ज करायचा हे आधीच ठरवावे.

महाराष्ट्रातील अर्जदारांचे काम मुंबईतील जपानी महावाणिज्य दूतावासाकडे येते आणि अर्ज व्हीएफएस या खासगी कंपनीच्या केंद्रात स्वीकारले जातात. पर्यटनासाठी भारतीयांना २०२४ पासून ई-व्हिसाही उपलब्ध आहे, परंतु कंपनीच्या निमंत्रणावर जाणाऱ्या गटाने त्या सोप्या वाटेकडे न वळता भेटीचा खरा हेतू लिहूनच अर्ज करावा आणि कोणत्या प्रकारात अर्ज करायचा हे केंद्रात आधी विचारून घ्यावे. साधारणपणे अर्ज, छायाचित्र, दिवसवार कार्यक्रम, विमानाचे आरक्षण, महाविद्यालयाचे बोनाफाइड आणि परवानगीपत्र, खर्च करणाऱ्या पालकांचे बँक विवरण व आयकर विवरणपत्र, आणि निमंत्रण असल्यास जपानी कंपनीचे निमंत्रणपत्र ही कागदपत्रे लागतात. पालकांचा व्यवसाय रोखीचा असेल, उदाहरणार्थ भाजीचा गाळा किंवा रिक्षा, तर विवरणपत्राचा प्रश्न येतो. अशा विद्यार्थ्याला ऐनवेळी बाजूला पडू न देता दुसऱ्या नातेवाइकाचे हमीपत्र चालेल का, याची चौकशी सुरुवातीसच करावी. दिवसवार कार्यक्रम सर्वांच्या अर्जात अक्षरशः एकच असावा.

सहावी पायरी: पैसे

येनचा भाव गेल्या काही वर्षांत साधारण ५२ ते ६५ पैशांच्या दरम्यान फिरत राहिला आहे. अंदाजपत्रक वरच्या भावाने मांडावे. खर्चात विमान आणि निवास यांचा वाटा सर्वांत मोठा असतो. टोकियोत उतरून ओसाकाहून परत निघाल्यास उलटा प्रवास वाचतो, म्हणून तिकीट त्याच पद्धतीने मागावे. तिकिटावर निघण्याचा विमानतळ कोणता आहे, सहार की उलवे, हे प्रत्येकाने वाचावे. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झाल्याने हा प्रश्न आता विनोदाचा राहिलेला नाही.

जपान रेल पास घेतलाच पाहिजे, ही समजूत जुनी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या साध्या पासाची किंमत ५०,००० येन झाली. टोकियो ते नागोया सुमारे ११,००० आणि नागोया ते ओसाका सुमारे ६,५०० येन धरले तरी सुट्या तिकिटांचा खर्च पासाच्या निम्म्याहूनही कमी होतो. रात्रीची बस आणखी स्वस्त पडते, परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी कारखाना असेल तर ती काटकसर नको. शिन्कान्सेनमध्ये लांबी, रुंदी आणि उंचीची बेरीज १६० सेंटिमीटरहून अधिक असलेल्या बॅगेसाठी विशिष्ट आसन राखून ठेवावे लागते. त्याऐवजी मोठ्या बॅगा आदल्या दिवशी ‘ताक्युबिन’ सेवेने पुढच्या मुक्कामी पाठवाव्यात आणि कारखान्यात पाठपिशवी घेऊन जावे.

टूर पॅकेज किंवा परकीय चलन घेताना टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच वसूल करायचा आयकर, लागू शकतो; तो पालकांच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, म्हणून पावती कोणाच्या नावाने फाडली जाते याकडे लक्ष द्यावे. हप्ते तीन ठेवावेत, रद्द झाल्यास कोणता हप्ता परत मिळेल आणि कोणता नाही हे लेखी द्यावे, आणि सर्व व्यवहार महाविद्यालयाच्या खात्यातून करावेत. एखाद्या विद्यार्थी प्रतिनिधीच्या जीपेवर लाखो रुपये गोळा होणे कोणाच्याच हिताचे नाही.

सातवी पायरी: राहणे, खाणे, औषधे

टोकियोत योयोगी येथे १९६४ च्या ऑलिंपिक ग्रामाच्या जागेवर राष्ट्रीय युवा केंद्र आहे; अभ्यासगटांना तेथे स्वस्त निवास मिळतो, मात्र गटाचा कार्यक्रम आगाऊ सादर करावा लागतो.

शाकाहारी विद्यार्थ्यांसाठी खाणे हीच खरी परीक्षा असते, कारण वरवर शाकाहारी दिसणाऱ्या सूपमध्ये आणि रश्शात ‘दाशी’ असते, आणि ती बहुधा सुकवलेल्या माशाची असते. सकाळी दुकानातला भात, फळे आणि दही, दुपारी कंपनीच्या आसपास जे मिळेल ते, आणि रात्री भारतीय खाणावळ, असे धोरण ठेवावे. टोकियोच्या निशी-कासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे; याच एदोगावा विभागाच्या सभेवर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले होते. घरून थेपले, मेतकूट, दाण्याची चटणी न्यावी. मांसाचे पदार्थ आणि ताजी फळे नेता येत नाहीत. यजमानांसाठी हापूसची पेटी नेण्याचा विचार कितीही आपुलकीचा असला तरी तो विमानतळावरच संपतो.

औषधांबाबत कडक राहावे. सर्दीवरील काही गोळ्यांत असलेले स्यूडोइफेड्रिन ठरावीक प्रमाणापलीकडे जपानमध्ये निषिद्ध आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे चिठ्ठीसह आणि एका महिन्यापुरतीच न्यावीत. त्याहून अधिक हवी असल्यास आगाऊ परवानगी घ्यावी लागते. तेथे पोलिसांचा क्रमांक ११० आणि रुग्णवाहिका व अग्निशमनाचा ११९ आहे. हे दोन्ही, शिक्षकांचे क्रमांक आणि मुक्कामाचा जपानी लिपीतील पत्ता प्रत्येकाच्या खिशात कागदावर असावा, कारण मोबाइलची बॅटरी नको तेव्हाच संपते.

आठवी पायरी: प्रत्यक्ष भेट

ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी फाटकापाशी हजर राहावे. अर्धा तास आधी पोहोचलात तर कोपऱ्यावर थांबावे, कारण फार लवकर जाणेही यजमानांची पंचाईत करते. ओळखपत्रिका दोन्ही हातांनी द्यावी आणि घ्यावी, आणि घेतलेली पत्रिका लगेच मागच्या खिशात कोंबू नये. बूट काढावे लागण्याची शक्यता असते, तेव्हा मोजे धड असावेत. हे लिहावे लागते आहे, यावरून कारण समजून घ्यावे. भेटवस्तू लहान आणि वाटता येण्याजोगी असावी: वेगवेगळ्या पुड्यांत बांधलेले काजू, वारली चित्राची छोटी चौकट. मोठी ट्रॉफी आणि शाल-श्रीफळ टाळावे.

आभाराचे किंवा परिचयाचे भाषण एका विद्यार्थ्याने दोन मिनिटांत करावे, सुरुवात आणि शेवट जपानीत असावा. त्यासाठी दोघा-तिघांनी तरी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन-फाइव्ह या सर्वांत सोप्या पातळीइतके जपानी शिकून घ्यावे. आमच्या विद्यार्थ्याने त्यात एक वाक्य घातले होते: ठाण्याला पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी आली आणि जपानची पहिली रेल्वे शिंबाशी-योकोहामा मार्गावर १८७२ साली सुरू झाली, म्हणजे रेल्वेत आम्ही तुमचे थोरले भाऊ आहोत, फक्त धाकटा फार वेगाने पुढे गेला. यजमान मनापासून हसले आणि त्यानंतरची प्रश्नोत्तरे ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त चालली.

कारखान्यात छायाचित्रे बहुतेक ठिकाणी मना असतात. म्हणून बसमध्ये परत बसल्यावर पहिली वीस मिनिटे कोणीही मोबाइलला हात लावायचा नाही, प्रत्येकाने आठवेल ते रेखाटन आणि तक्त्यातील रकाने भरायचे, असा नियम आम्ही केला, आणि अहवालातील जे काही वाचनीय होते ते त्याच वीस मिनिटांत लिहिले गेले. प्रश्न विचारताना पगार आणि एकूण उत्पादन यांपासून दूर राहावे. दुसरी माहिती संकेतस्थळावर असते आणि पहिली विचारायची नसते. ‘फाइव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची जपानी पद्धत) म्हणजे काय’ असेही विचारू नये. त्याऐवजी समोरच्या हत्यारांच्या फलकाकडे बोट करून ‘ही रिकामी जागा कोणाच्या लक्षात प्रथम येते’ असे विचारावे. एका दिवशी एकच कंपनी ठेवावी.

नववी पायरी: परतल्यावर

आभाराचा मेल चोवीस तासांच्या आत जावा, म्हणजे तो जपानमध्ये असतानाच रात्री मुक्कामी लिहावा, आणि त्यात त्या भेटीतील एक नेमकी गोष्ट असावी. अहवाल तीन आठवड्यांत पूर्ण करून त्याचा चार पानांचा इंग्रजी सारांश यजमान कंपनीला पाठवावा आणि प्रसिद्ध करण्यापूर्वी त्यांची संमती घ्यावी. दुसरी प्रत वागळे इस्टेटमधील त्या मशीन शॉपला न्यावी, शक्य झाल्यास चहाच्या सुट्टीत कामगारांसमोर वाचावी. आम्ही नेली तेव्हा तेथील फोरमन काकांनी हत्यारांच्या फलकाचे रेखाटन बराच वेळ पाहिले आणि विचारले, “आणि ती आकाराची रेघ रंगाने मारलीय की टेप लावलाय? तेल पडलं की रंग जातो.” आमच्यापैकी कोणीही ते पाहिले नव्हते. तो प्रश्न पुढच्या वर्षीच्या तक्त्यात घातला आहे.

हिशेब महिन्याभरात सर्व पालकांना लेखी द्यावा आणि उरलेले पैसे परत करावेत. येनच्या नोटा येथे बदलून मिळतात, नाणी मिळत नाहीत. ती ओसाकाच्या विमानतळावरच संपवावीत. शेवटी एक फाइल तयार करावी: कोणत्या कंपनीला कधी लिहिले, कोणी उत्तर दिले, कोणी नकार दिला, उत्तर देणारी व्यक्ती कोणत्या विभागात आहे, आणि जपानी पत्राचा मसुदा. ती दोन प्रतींत ठेवावी, एक विभागाच्या कपाटात आणि एक पुढच्या वर्षीच्या विद्यार्थी प्रतिनिधीकडे, आणि गणेशोत्सवानंतरच्या पहिल्या बैठकीत टेबलावर आणावी.